वेगाचा हिशेब: नांदेड-लातूरच्या मुलांना रेसिंगमध्ये उतरायचं असेल तर

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या घराघरांतले प्रश्न ठरलेले असतात. अकरावी कुठे, क्लास कोणता, नीट की जेईई. अशा वेळी एखादं पोरगं ताटावर मान खाली घालून म्हणतं, "मला रेसर व्हायचंय," आणि घर गप्प होतं. आईच्या डोळ्यांपुढे अपघात उभा राहतो. वडिलांना वाटतं, मोबाइल बघून डोकं फिरलंय. नांदेडमध्ये तरी काय वेगळं घडतं? हा लेख त्या गप्प झालेल्या घरासाठी आहे. मुलावर रागावू नका आणि त्याच्याबरोबर हुरळूनही जाऊ नका. आधी हा धंदा काय आहे ते नीट समजून घ्या.

सुरुवात कटू आकड्याने करतो. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय धावले: २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक. दोघेही तमिळनाडूचे, दोघांच्याही घरात मोटारशर्यती आधीपासून होत्या. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ साली एका देशव्यापी निवड स्पर्धेतून पुढे आला, युरोपात वाढला, फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला, विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईपर्यंत पोचला. त्यालाही फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही. तेव्हा "फॉर्म्युला वन किंवा काहीच नाही" असं ध्येय धरणारा मुलगा जवळजवळ नक्कीच निराश होईल. "मोटारस्पोर्टमध्ये माझी जागा कमावीन" असं ठरवणाऱ्यापुढे मात्र बऱ्याच वाटा आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्या ऐपतीतल्या आहेत.

आधी हमरस्ता सोडा

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येणारा महामार्ग आता रुंद आणि गुळगुळीत झालाय. रात्री त्यावर मोटारसायकलच्या टाकीला पोट लावून पळणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांना वाटतं, हाच सराव. जरा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोरचं दिसणं, ते डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर पोचणं याला दीड सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच ४२ मीटर रस्ता संपला. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रिफ्लेक्टरशिवाय अंधारात चालला असेल, तर तो दिसतो तोवर वेळ गेलेली असते.

कायदाही स्पष्ट आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. वर त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हमरस्ता रेसरला चुकीचं शिकवतो. तिथे एकच वळण एकाच रीतीने शंभर वेळा घेता येत नाही, किती वेळ लागला ते मोजता येत नाही, चूक कुठे झाली ते कळत नाही. मुलगा अंदाजावर आणि नशिबावर चालवायला शिकतो. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, वळणाबाहेर टायरांची भिंत असते, झेंडा घेतलेला मार्शल उभा असतो, अँब्युलन्स तयार असते, आणि प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. रेसर तयार होतो तो या नोंदीतून. म्हणून घरात पहिला नियम हाच करा: रस्त्यावर एकदा जरी शर्यत लावली तरी ट्रॅक बंद.

पहिली पायरी: कार्ट

जगातले बहुतेक रेसर ज्या गाडीत पहिल्यांदा बसले ती म्हणजे कार्ट. सांगाड्यासारखी दिसणारी, छत नसलेली, जमिनीला घासून पळणारी. मुलं तिला खेळणं समजतात, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर हाताची मूठ वळत नाही तेव्हा समज बदलते.

कार्टमध्ये बसलं की बूड जमिनीपासून चार बोटांवर असतं. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. ट्रॅकवरचा प्रत्येक खड्डा बरगड्यांत जाणवतो. उजवा पाय फक्त अॅक्सिलरेटरवर, डावा फक्त ब्रेकवर. घरची कार चालवणाऱ्या माणसाचा डावा पाय क्लच दाबायच्या सवयीने ब्रेकवर जोरात पडतो आणि कार्ट गर्रकन फिरते. पहिल्या दिवशी हे सगळ्यांचं होतं.

शेतकऱ्याच्या मुलाला कार्टचं खरं मर्म लवकर कळेल. ट्रॅक्टरला डिफरेन्शियल लॉक लावून वळवायला गेलात तर तो वळायला मागत नाही, कारण मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरायला लागतात. कार्टचा मागचा आस कायमच तसा, एकसंध असतो. मग ती वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या रचनेमुळे आतल्या बाजूचं मागचं चाक किंचित उचललं जातं आणि उरलेल्या तीन चाकांवर कार्ट वळते. ते चाक वेळेवर उचललं जावं आणि वेळेवर टेकावं, हे सांभाळणं म्हणजे कार्ट चालवणं. नुसतं जोरात स्टिअरिंग ओढणाऱ्याची पुढची चाकं घासतात आणि वेग मरतो.

राष्ट्रीय पातळीच्या शर्यती भरतील असा ट्रॅक मराठवाड्यात नाही. पण अंतरं जमण्याजोगी आहेत. नांदेडकरांना देवगिरी एक्स्प्रेस सिकंदराबादला पोचवते, आणि हैदराबादेत भाड्याने कार्ट देणारे ट्रॅक आहेत. याच हैदराबादेत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठावर फॉर्म्युला ईची जागतिक शर्यत झाली. लातूरकरांना बिदर-जहिराबादमार्गे हैदराबाद किंवा सोलापूरमार्गे पुणे. आणि कोल्हापूर विसरू नका. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. त्याच शहरातला ध्रुव मोहिते राष्ट्रीय शर्यतींत धावला आणि कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. कोल्हापूर काही महानगर नाही. तिथे ट्रॅक होता आणि शर्यतीची आवड असलेली माणसं होती, म्हणून मुलं पुढे आली. जाण्याआधी ट्रॅकवाल्यांना फोन करून वेळ आणि वयाची, उंचीची अट विचारून घ्या.

पहिल्यांदा महिन्यातून एकदा, सहा महिने, भाड्याच्या कार्टवर जाऊ द्या. स्वतःची कार्ट घेण्याची घाई करू नका. सहा महिन्यांत मुलाची आवड टिकते की ओसरते ते आपोआप दिसतं.

वहीत लिहिलेला वेग

आता लातूरकरांच्या ओळखीची गोष्ट. लातूर पॅटर्न म्हणजे काय? तोच धडा पुन्हा पुन्हा, घड्याळ लावून चाचणी, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाची नोंद. रेसिंगचा सराव अगदी असाच चालतो. चांगल्या शर्यतीत पहिल्या आठ-दहा जणांच्या फेरीच्या वेळेत अनेकदा अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं. तो अर्धा सेकंद जास्त धाडस करून सापडत नाही. प्रत्येक वळणावरच्या लहान चुका वेचून काढाव्या लागतात.

मुलाला एक वही द्या. ट्रॅकचा नकाशा हाताने काढून वळणांना क्रमांक द्यायला सांगा. प्रत्येक वळणापुढे तीन गोष्टी लिहायच्या: ब्रेक कुठे दाबला, आतल्या कडेला कुठे टेकलो, पूर्ण अॅक्सिलरेटर कुठे दिला. खुणा पक्क्या हव्यात. "झाडाजवळ" असं लिहून चालणार नाही. "डावीकडच्या तिसऱ्या टायराशी" असं लिहावं. मग ट्रॅकवरून मिळालेला वेळांचा कागद शेजारी चिकटवायचा.

एक उदाहरण घेऊ. लांब सरळ पट्ट्यानंतर उजवं वळण आहे. नवखा मुलगा शेवटच्या क्षणापर्यंत वेग ठेवतो, उशिरा ब्रेक मारतो, वळणात घसरतो, आणि बाहेर पडताना रखडतो. त्याला वाटतं, आपण फार जोरात गेलो. जाणता मुलगा डाव्या कडेला राहून सरळ रेषेतच ब्रेक पुरा करतो, मग वळतो, आतल्या कडेला वळणाच्या मध्याच्या जरासा पुढे टेकतो आणि लवकर अॅक्सिलरेटर देतो. वळणात तो हळू दिसतो. पण पुढच्या सरळ पट्ट्यावर त्याने आधी पकडलेला वेग शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहतो. वहीत हे दोन-चारदा लिहिलं गेलं की मुलगा स्वतःच म्हणतो, वळणात घाई केली की फेरी लांबते.

घरी सराव हवा असेल तर संगणकावरचं सिम्युलेटर उपयोगी आहे. जेमतेम चालणारं स्टिअरिंग आणि पेडलही पुरतं. जगातले मोठे रेसर नवा ट्रॅक आधी सिम्युलेटरवर पाठ करतात. त्यातून खुणा पाठ करण्याची सवय आणि चिकाटी येते. मानेवर पडणारा ताण आणि पोटातली भीती मात्र ट्रॅकवरच कळते. वेळ ठरवून द्या, तासभर, आणि त्याचीही नोंद त्याच वहीत.

परवाना आणि पुढच्या पायऱ्या

भारतात मोटारस्पोर्टची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय. केंद्र सरकारची मान्यता असलेली ही संघटना स्पर्धकांना वर्षाचा परवाना देते. तो नसेल तर राष्ट्रीय शर्यतीत उतरता येत नाही. वयाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती अशी तयारी ठेवा. रस्त्यावरचा आरटीओचा परवाना वेगळा आणि हा वेगळा, हे लक्षात असू द्या. म्हणूनच आठ-दहा वर्षांचं मूलही बंदिस्त ट्रॅकवर कायदेशीररीत्या कार्ट शर्यतीत उतरू शकतं.

राष्ट्रीय कार्टिंगमध्ये वयाप्रमाणे मायक्रो, ज्युनिअर, सीनिअर असे गट असतात. रोटॅक्स मॅक्सच्या गटात १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. बंगळुरूची मेको मोटरस्पोर्ट्स या स्पर्धांशी वर्षानुवर्षं जोडलेली आहे. मुंबईत रायोमंद बानाजी यांच्या रायो रेसिंगने अनेक मुलं घडवली.

कार्टनंतर फॉर्म्युला गाड्या. भारतातली जुनी आणि तुलनेने स्वस्त शाळा म्हणजे फॉर्म्युला एलजीबी: एकच माणूस बसेल अशी उघडी गाडी, १३०० सीसीचं इंजिन, सगळ्यांच्या गाड्या सारख्या. पैसेवाल्याची गाडी जास्त पळाली असं त्यात होत नाही. फरक पडतो तो चालवणाऱ्याचा. नवोदितांसाठी जेके टायरचा नोव्हिस कप आहे, एमआरएफच्या राष्ट्रीय शर्यतींत सलून म्हणजे बंद टपाच्या गाड्यांचे गट आहेत, आणि २०२३ पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेची फॉर्म्युला फोर भारतात सुरू झाली. फॉर्म्युला फोरला किमान वय १५.

या शर्यती मुख्यतः दक्षिणेत होतात: कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, आणि उत्तरेत ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. म्हणजे मराठवाड्यातल्या मुलाने तमिळनाडूच्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ करायचं. शर्यतीचे नियम, रेडिओवरचं बोलणं, इंजिनीअरशी चर्चा सगळं इंग्रजीत चालतं. तेव्हा मराठी माध्यमातल्या मुलाने बोलकी इंग्रजी आतापासून कमवावी. वर्षभरात जमते.

चार चाकं परवडत नसतील तर

बहुतेक घरांना परवडणार नाहीत, हे मान्य करून पुढे जाऊ. दोन वाटा मला मनापासून सुचवाव्याशा वाटतात.

पहिली दुचाकीची. टीव्हीएसची वन मेक स्पर्धा, होंडाचा टॅलेंट कप, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप यांत कंपनी एकसारख्या गाड्या पुरवते. निवड चाचण्या होतात आणि त्यांत फेरीची वेळ बोलते. मुलींसाठीही गट असतात. मातीवरचं मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस महाराष्ट्रात जुनं आहे. नाशिक आणि पुणे त्याची घरं. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे त्यातूनच राष्ट्रीय पातळीवर आला, आणि जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉसची लीगही सुरू झाली. माती, धूळ, उड्या यांची सवय असलेल्या गावच्या मुलाला हे जवळचं वाटेल. दुचाकी स्वस्त आहे, पण तिच्यात शरीर उघडं असतं. सुरक्षेच्या साधनांत काटकसर करायची असेल तर ही वाट धरू नका.

दुसरी रॅलीची. रॅलीत गाडीत दोघं असतात: चालक आणि शेजारी नॅव्हिगेटर. नॅव्हिगेटर रस्त्याची वही वाचतो, पुढचं वळण किती तीव्र, किती मीटरवर, चढ की उतार, हे चालकाला ते दिसण्याआधी सांगतो. त्याची चूक म्हणजे गाडी शेतात. गणित पक्कं, आवाज ठाम, हलत्या गाडीत वाचताना पोट न ढवळणारा असा मुलगा किंवा मुलगी स्वतःची गाडी नसतानाही या क्षेत्रात नाव कमावू शकते. सुरुवात टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतराच्या रॅलीने करा. तिथे घरचीच गाडी चालते, रस्ता रहदारीचा असतो, वेग कायद्यातलाच असतो. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला पोचायचं असतं. लवकर पोचलात तरी गुण कापले जातात. रॅलीला मात्र आरटीओचा परवाना लागतो, म्हणजे अठरा पूर्ण.

पुण्याचे संजय टकले हे वयाची चाळिशी ओलांडल्यावरही आशियातल्या रॅली धावत राहिले आणि २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिक रॅलीला गेले. ट्रॅक रेसिंगला लहान वय लागतं. रॅली उशिरा येणाऱ्यालाही घरात घेते. आणि रॅलीला मान नाही असंही नाही: २०१९ साली मोटारस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो रॅलीचालक गौरव गिललाच.

पैशाचं बोलणं

घरात हे बोलणं उघड व्हायला हवं. भाड्याच्या कार्टचा महिन्याचा खर्च एखाद्या चांगल्या क्लासइतका किंवा त्याहून कमी. राष्ट्रीय कार्टिंगचा एक हंगाम, संघाची फी, टायर, इंजिनाची देखभाल, प्रवास धरून, लाखांत जातो. युरोपातल्या फॉर्म्युला थ्री, टूचा हंगाम कोटींत. यांतल्या कुठल्या पायरीपर्यंत आपलं घर जाईल, तो आकडा कागदावर लिहा आणि मुलाला दाखवा. जमीन विकून, गहाण टाकून या खेळात उतरू नका. मी हे ठासून सांगतो, कारण एका अपघातात किंवा एका बिघडलेल्या इंजिनात हंगाम संपतो, आणि जमीन परत येत नाही.

प्रायोजक मिळवणं हाही रेसरच्या कामाचाच भाग आहे. लातूरच्या आडत बाजारातले व्यापारी, दालमिलवाले, नांदेडमधले गाड्यांचे विक्रेते, क्लासचालक हे तुमचे पहिले प्रायोजक होऊ शकतात. त्यांच्याकडे हात पसरून जाऊ नका. एक पानाचा कागद न्या: आजवरच्या शर्यती, फेरीच्या वेळा, पुढच्या हंगामाचं वेळापत्रक, लागणारी नेमकी रक्कम. आणि बदल्यात काय देणार तेही लिहा: हेल्मेटवर आणि गाडीवर नाव, त्यांच्या दुकानासमोर गाडीचं प्रदर्शन, शाळांमध्ये रस्ता सुरक्षेवर बोलणं. शर्यत झाल्यावर, हरलात तरी, आठ दिवसांत त्यांना निकाल आणि फोटो पाठवा. पुढच्या वर्षी तोच व्यापारी तुम्हाला स्वतःहून फोन करील.

तालमीचा उपयोग

गाडीच चालवायची, त्याला कसला व्यायाम, असं लोक म्हणतात. वळणात डोकं बाहेर फेकलं जातं आणि मान त्याला धरून ठेवते, फेरीमागून फेरी. शर्यतीच्या गाडीत एसी नसतो. जाड अग्निरोधक पोशाख, हेल्मेट, इंजिनाची धग. मान दमली की नजर खाली येते, नजर खाली आली की ब्रेकची खूण चुकते.

इथे आपल्या मातीची मदत घ्या. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. त्यांच्या लातूर जिल्ह्यात तालीम शोधावी लागत नाही. पैलवान मान कशी कमावतो ते वस्तादांकडून शिका. मानेवर भार घेऊन पूल करणं घरी एकट्याने करू नका, वस्ताद उभे असतानाच करा. सोबत धावणं, पोहणं, दोरीवरच्या उड्या. वजन हलकं ठेवा पण उपाशी राहून नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो; त्या दिवसांत पाणी, लिंबू-मीठ, झोप यांची शिस्त ज्याने लावली, तो चेन्नईच्या उकाड्यात इतरांपेक्षा उशिरा दमेल.

धोका झाकू नका

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दुचाकींच्या राष्ट्रीय शर्यतीत बंगळुरूचा एक तेरा वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी जानेवारीत, तिथेच, एक अनुभवी कार रेसर गेला. ट्रॅक रस्त्यापेक्षा सुरक्षित आहे, निर्धोक नाही. आईवडिलांनी हे मुलासमोर बोलावं. प्रमाणित हेल्मेट, मानेचा आणि बरगड्यांचा आधार, हातमोजे, पोशाख यांवर पहिला पैसा खर्च करा. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदला, वरून चांगलं दिसलं तरी. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुन्हा गाडीत बसायचं नाही. आणि विम्याचे कागद शर्यतीच्या आधी वाचा.

मुलींच्या आईवडिलांना

"पोरीला हे जमेल का?" हा प्रश्न येतोच. पुण्याच्या डायना पुंडोळे दोन मुलांच्या आई. २०२४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं विजेतेपद जिंकलं. असं विजेतेपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या गटात पुरुष होते, ट्रॅक तोच होता, घड्याळ तेच होतं. मुलगी सायकल, स्कूटी सफाईने चालवते, वेळेचं भान ठेवते, हरल्यावर पुन्हा उभी राहते. एवढं असेल तर तिलाही तीच वही द्या.

पोटापाण्याचं काय

भारतात फक्त शर्यती धावून घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे रेसर तीन-चार कामांची मोट बांधतात: अकॅडमीत शिकवणं, वाहन कंपन्यांच्या कार्यक्रमांत गाड्या दाखवणं, टायर आणि वाहन कंपन्यांत चाचणी चालक म्हणून काम. पुण्या-चाकणला वाहन कंपन्या आहेत, पुण्यातच वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आहे, आणि इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी ट्रॅक आहे. चाचणी चालकाला वेगापेक्षा सातत्य लागतं: तीच फेरी त्याच वेगाने पन्नास वेळा, आणि गाडी काय करतेय ते नेमक्या शब्दांत सांगणं. ज्याने वही ठेवली त्याला हे जमतं.

म्हणून शिक्षण सोडू नका. अभियांत्रिकीला गेलात, मग ते नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी महाविद्यालय असो की लातूरचं तंत्रनिकेतन, तर विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधायच्या स्पर्धांत उतरा: पदवीच्या मुलांसाठी बाजा, सुप्रा, फॉर्म्युला भारत. महाविद्यालयात संघ असेल तर पहिल्या वर्षापासून त्यात शिरा, नसेल तर प्राध्यापकांना गाठून उभा करा. आयटीआयचा मुलगा रेस मेकॅनिक होऊ शकतो. दोन फेऱ्यांमधल्या काही मिनिटांत गिअरबॉक्स खोलून बसवणाऱ्या हातांना संघात मोठा मान असतो. मार्शल म्हणून स्वयंसेवा केली तर शर्यत आतून, फुकट पाहता येते.

आणि आपल्या ट्रकवाल्यांनाही एक सांगतो. बुद्ध सर्किटवर २०१४ पासून टाटांच्या ट्रक शर्यती झाल्या. सुरुवातीला त्यांत परदेशी चालक होते. २०१६ पासून प्रशिक्षण घेतलेले भारतीय ट्रकचालक स्वतः त्या ट्रॅकवर धावले. ढाब्यावर ज्यांना कोणी नावाने ओळखत नव्हतं, त्यांच्यासाठी स्टँड टाळ्या वाजवत होता. स्टिअरिंगमागच्या माणसाचं कसब कुठून येईल ते सांगता येत नाही.

पहिल्या वर्षाचा आराखडा

पहिले तीन महिने: व्यायाम, इंग्रजी, सिम्युलेटरवर तासभर, आणि एकदा घरच्यांसह ट्रॅकवर जाऊन शर्यत नुसती पाहणं. पुढचे सहा महिने: महिन्यातून एकदा भाड्याची कार्ट, प्रत्येक वेळी वही. शेवटचे तीन महिने: एखाद्या अकॅडमीचं छोटं शिबिर, आणि प्रशिक्षकाला थेट प्रश्न: याच्या वेळा त्याच्या वयाच्या मुलांच्या तुलनेत कुठे आहेत? उत्तर आशादायक असेल तर परवाना काढा आणि एका हंगामाचं ठरवा. नसेल तर नॅव्हिगेटर, मेकॅनिक, इंजिनीअर यांतली वाट निवडा. दोन हंगामांनंतर पुन्हा बसून हिशेब करा. थांबण्याचा निर्णय आधी ठरवलेला असला की तो अपमान वाटत नाही.

मुलामुलींनो, शेवटचं तुमच्याशी. तुमच्या दारावरून जाणारा रस्ता पुढे औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज करत थेट कोल्हापूरला जातो, जिथे ट्रॅक आहे. त्या रस्त्यावर शर्यत लावू नका. वडिलांच्या शेजारी बसून, पट्टा लावून, वही मांडीवर घेऊन त्याच रस्त्याने जा. वाटेतली वळणं बघत जा, मनात ब्रेकच्या खुणा धरत जा. कोल्हापूरला पोचेपर्यंत अर्धा सराव झालेला असेल.